काशाच्या थाळीचं पायाचं मसाज सेंटर, राजारामपुरी: रात्री पाय वळवळणाऱ्यांनी जरूर वाचा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मेन रोडवरून गल्लीत वळलं की पहिल्या मजल्यावर हे छोटं सेंटर आहे. चार मशिनं, चार खुर्च्या, स्वच्छ नॅपकिन, आणि रात्री नऊपर्यंत उघडं. दोन्ही पायांचे वीस मिनिटांचे दीडशे रुपये. मी कायम शेवटची वेळ मागून घेतो. मला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम आहे आणि हा आजार दिवेलागणीनंतरच डोकं वर काढतो, त्यामुळे सकाळी अकराला मसाज घेऊन मला काहीच उपयोग नाही.

ज्यांना हा त्रास नाही त्यांना सांगूनही पटत नाही. दिवसभर पाय एकदम ठीक. रात्री आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत, पार हाडाला लागून, काहीतरी वळवळायला लागतं. ती धड कळ नाही, धड मुंग्याही नाहीत. पाय झाडला की थांबतं, टेकवला की परत चालू. उठून चाललं की बरं वाटतं, पण रात्रभर चालणार किती? पुण्याच्या एसटीत मी कडेची सीट धरतो आणि कराडच्या पुढं उभाच राहतो. आमच्या आईलाही हेच होतं. आम्ही भावंडं रोज रात्री आळीपाळीनं तिचे पाय चेपायचो. बाई कामानं दमतीय, एवढंच सगळे म्हणायचे. हा त्रास बऱ्याच घरांत पिढीजात असतो.

मशिनचं म्हणाल तर पाय ठेवायला काशाच्या दोन थाळ्या, खाली मोटर. ताई आधी तळव्याला तेल किंवा तूप लावतात (तूप मागा, तेलानं पाय लवकर कोरडे पडतात), मग थाळ्या फिरायला लागतात. सुरुवातीला गुदगुल्या होतात. पाचेक मिनिटांत थाळी गरम लागते आणि पोटरीतली वळवळ हळूहळू मागं सरते. पायाला बाहेरून जोराचा स्पर्श मिळाला की आतली ती ओढ दबते. चोळणं, चेपणं, गरम पाण्यात पाय सोडणं, सगळ्यांचं काम असंच चालतं. मशिन संपल्यावर ताई पोटऱ्या हातानं पाच मिनिटं रगडून देतात. त्यांचे अंगठे बरोबर जागेवर पडतात. माझ्या मते दीडशेतले शंभर रुपये त्या पाच मिनिटांचेच. घरी जाऊन दीड-दोन तासांच्या आत झोप लागली तर रात्र निभते. तेवढ्यात नाही लागली तर पुन्हा रंकाळा तलावाची फेरी.

आता तक्रार. भिंतीवर बोर्ड आहे: ‘थाळी काळी होणे म्हणजे शरीरातील विष बाहेर पडणे’. त्याखाली दारू आणि गोळ्यांचं विषही उतरतं असं लिहिलंय. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आयुष्य काढलंय. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. तेल आणि घाम तांब्याला लागले, वरून घासणं सुरू झालं, की काळं सुटणारच. गनमेटलचा (तोही तांब्या-कथलाचाच) नवाकोरा बुश तेलाच्या चिंधीनं पुसला तरी चिंधी काळी होते, त्या बुशनं कधी दारू प्यायलेली नसते. दारूचा निचरा लिव्हर करतं, तळवा नाही. हा बोर्ड मला खटकतो, कारण तो वाचणारी माणसं माझ्यासारखी असतात.

माझी गोष्ट थोडक्यात. पाठीच्या ऑपरेशननंतर मला ट्रामाडॉल सुरू झालं. पाठ राहू दे, पाय शांत झाले! कैक वर्षांनी सलग झोप लागली. ट्रामाडॉल अफूच्या कुळातलं औषध आहे, आणि हे कूळ पायांची ही वळवळ खरंच दाबतं. व्यसनमुक्ती वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं की थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १६७२ सालीच हा त्रास लिहून ठेवला आणि त्यावर अफूचंच औषध दिलं. आजही अगदी हट्टी केसमध्ये डॉक्टर त्या जातीचं औषध थोड्या मात्रेत, देखरेखीखाली देतात. पण स्वतःच्या हिशेबानं घेत गेलं की मात्रा चढत जाते. २०१८ पासून ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलं, मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय देईनात, आणि रिकाम्या रात्री भरायला क्वार्टर आली. दारूनं डोळा लागतो खरा, पण पहाटेच्या आधी ती झोप मोडून टाकते आणि तेव्हा पाय दुपटीनं वळवळतात.

गोळ्या सोडताना पायांनी जे केलं ते सोडणाऱ्या प्रत्येकानं आधीच ऐकून ठेवावं. सवय लागल्यावर अफूच्या जातीचं काहीही बंद केलं की पहिले काही दिवस पुष्कळांचे पाय आपोआप झाडले जातात, ज्यांना हा आजार नाही त्यांचेसुद्धा. पुष्कळ माणसं त्या रात्रींमध्येच परत फिरतात. ही वावटळ साधारण आठवडाभरात उतरायला लागते. मूळचा आजार असेल तर तो मागं उरतो, पण त्याला वेगळे उपाय आहेत.

मागच्या महिन्यात शेजारच्या खुर्चीत एक पोरगा होता, पंचविशीचा, आईबरोबर आलेला. दोन्ही हातांनी स्वतःच्या मांड्या दाबून बसलेला, तरी टाचा खुर्चीच्या दांड्यावर टकटक वाजत होत्या. ताई म्हणाल्या, “पाय सैल सोड की रे बाळा.” तो म्हणाला, “माझं ऐकतंय कुठं ताई ते.” आई माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, “सोडलंय वो त्यानं, चार दिवस झाले. झोपच न्हाई.” मी त्याला बोर्ड वाचू दिला नाही. म्हटलं, “बाळा, हे आठवड्यात उतरंल, मी बघितलंय. पण उद्या सकाळी सीपीआर सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात जा, एकट्यानं काढू नको. आणि रात्री जिवाची फारच घालमेल झाली तर १४४४६ लाव, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.” त्या माऊलीनं नंबर हातावर लिहून घेतला.

मसाजनं जे होत नाही ते माझ्या बाबतीत एका रक्ततपासणीनं झालं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. मेंदूत डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन तयार व्हायला लोह लागतं, आणि या आजारात मेंदूला ते कमी पडतं. हिमोग्लोबिन चांगलं असून फेरिटिन खाली असू शकतं. माझं तसंच होतं. लॅबच्या कागदावर आकडा ‘नॉर्मल’ छापून येतो, पण पायांच्या या त्रासात ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. आपल्याकडं लगेच गूळ खा म्हणून सांगतात. कोल्हापूरचा गूळ मलाही प्रिय आहे, पण रिकामा साठा त्यानं भरत नाही. मटणातलं लोह जास्त अंगी लागतं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि चहा तिच्या आगेमागे तास-दोन तास घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. मात्र तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या खाऊ नका, जास्त झालेलं लोहही घातक असतं.

औषधांबद्दल दोन गोष्टी, कारण त्या मला उशिरा कळल्या. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड यांनी पाय पेटतात. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही त्रास वाढतो, पण त्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं. दुसरं म्हणजे, या त्रासावर पूर्वी सर्रास देत असत त्या प्रॅमिपेक्सोल नावाच्या गोळीनं आधी छान वाटतं. मग काही जणांचे पाय दुपारीच वळवळायला लागतात, काहींना जुगाराची वगैरे अनावर ओढ लागते. म्हणून आता गॅबापेंटिन, प्रीगाबालिन ही औषधं आधी विचारात घेतात. त्यांचीही सवय लागू शकते, आणि दारू किंवा अफूच्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर श्वास मंदावतो. डॉक्टरसमोर व्यसनाचा इतिहास सांगायला लाजू नका, त्यावर औषध ठरतं.

तर सेंटरला माझे पाचपैकी चार स्टार. हात चांगला, जागा स्वच्छ, ताईंचा स्वभाव मायेचा. डायबेटीसमुळं ज्यांच्या तळव्याची जाणीव गेलीय त्यांनी आधी सांगावं, थाळी चांगलीच तापते आणि चटका कळत नाही. पायऱ्या उभ्या आहेत, वयस्करांनी कुणाला तरी बरोबर घ्यावं. गुरुवारी बंद असतं.

पाचवा स्टार मी राखून ठेवलाय. ताई, तो बोर्ड काढा आणि त्या जागी ‘पाय रात्री वळवळत असतील तर फेरिटिन तपासून घ्या’ एवढं लिहा, खाली १४४४६ टाका. रंगाऱ्याचे पैसे मी देतो.