साडेचार लिटरची बरणी, एक एअरलॉक आणि फळांची वाइन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमध्ये घरगुती वाइनचं जे लहान किट मिळतं, त्याबद्दल हे आहे. त्यात ४.५ लिटरची काचेची बरणी (इथे तिला डेमीजॉन म्हणतात), भोकाचं रबरी बूच, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी पाणी भरलेली नळी), हायड्रोमीटर (रसात तरंगवून त्याची घनता, म्हणजे साखर किती ते दाखवणारी काचेची नळी), उपसायची नळी आणि यीस्ट वगैरेच्या चार पुड्या येतात. आठ महिन्यांत सफरचंद, लाल द्राक्षं आणि हापूस पल्प अशा नऊ खेपा काढल्या. इथे घरी पिण्यापुरती वाइन करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे विनापरवाना मद्य तयार करणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे नुसतं वाचावं.

खोक्यावर ‘७ दिवसांत तयार’ असं छापलंय. सात ते दहा दिवसांत साखर संपते, एवढंच त्यात खरं. तेव्हा चाखलीत तर यीस्टचा कच्चा वास आणि घशाला टोचणारी चव लागते. सफरचंदाची वाइन दोन महिन्यांनी बरी लागते, द्राक्षाची तीन महिन्यांनी. वेळ वाचतो तो दुसरीकडे: फळं धुणं, चिरणं, कुस्करणं टाळून दुकानातला डब्याचा रस वापरला की पहिलं काम वीस मिनिटांत उरकतं.

रस घेताना डब्याची मागची बाजू वाचा. पोटॅशियम सॉर्बेट (ई २०२) किंवा सोडियम बेंझोएट (ई २११) असेल तर तो डबा परत ठेवा. त्यात यीस्ट वाढतच नाही आणि माणूस पुडीला दोष देत बसतो. नुसतं क जीवनसत्त्व घातलेलं चालतं.

सफरचंदाचं आमचं ठरलेलं माप: ४ लिटर रस, साधारण ३५० ग्रॅम साखर, अर्धा कप कडक काळा चहा (बिनदुधाचा, हे सांगून ठेवलेलं बरं), एक चमचा यीस्टचं खाद्य, एक चमचा पेक्टिनेज (फळातलं पेक्टिन तोडून वाइन निवळायला मदत करणारं विकर). चहाने तुरटपणा येतो, नाहीतर चव पाणचट लागते. सगळा रस एकदम ओतू नका. आधी ३ लिटर घाला, चार दिवसांनी फेस बसला की उरलेला. काठोकाठ भरलेली बरणी पहिल्याच रात्री एअरलॉकमधून ओट्यावर उतू जाते.

हायड्रोमीटर हीच या किटमधली खरी कामाची वस्तू. सुरुवातीला १.०८० आणि शेवटी ०.९९६ दिसलं, तर फरकाला १३१ ने गुणायचं : ०.०८४ × १३१, म्हणजे ११ टक्के अल्कोहोल. लिटरला १०० ग्रॅम साखर घातली की आकडा ०.०३८ च्या आसपास चढतो, त्यावरून साखर ठरवा. बघताना नळकांड्यात हायड्रोमीटर गिरकी देऊन सोडा. बुडबुडे चिकटले की वर तरंगतो आणि आकडा जास्त दिसतो.

किटमधल्या यीस्टच्या पुडीवर जात लिहिलेलीच नव्हती. तिसऱ्या खेपेपासून नावाचं वाइन यीस्ट आणलं. ५ ग्रॅमच्या पुडीतलं निम्मं पुरतं. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचं. पावाचं यीस्टही आंबवतं, पण त्याचा साका तळाशी घट्ट बसत नाही, नळी लावली की उठतो.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरून ओतून देऊ नका. यीस्ट उपाशी आहे. सफरचंदाच्या रसात नत्र कमी असतं, म्हणून खाद्याचा चमचा चुकवायचा नाही. आंबणं चालू असतानाच वास आला तर अर्धा चमचा खाद्य वाढवून हलवा, बहुतेक वेळा जातो. व्हिनेगरचा वास हे वेगळं दुखणं: आंबणं संपल्यावर बरणीत वर हवा राहिली, किंवा एअरलॉकमधलं पाणी सुकलं. त्याला उपाय नाही.

आता हापूस पल्प. भारतीय दुकानातले ८५० ग्रॅमचे दोन डबे, दोन लिंबांचा रस, खाद्याचा चमचा, सुमारे ६०० ग्रॅम साखर आणि ४.५ लिटर होईल इतकं पाणी. पल्प गोड केलेला असतो, म्हणून साखर मोजूनच वाढवा. हायड्रोमीटरसाठी घेतलेलं पाणी आधी फडक्यातून गाळा, नाहीतर गरामुळे आकडा फसवा येतो. पेक्टिनेज यीस्टच्या बारा तास आधी घाला. नंतर घातलं तर तयार झालेल्या अल्कोहोलमुळे ते नीट काम करत नाही आणि वाइन महिनोन्‌महिने धुरकट राहते. पहिला आठवडा हे सगळं झाकणाच्या बादलीत करा, कारण गर फुगून वर येतो आणि बरणीचं तोंड बुजवतो. शेवटी लिटरभर साक्यात जातंच. रंग फिका केशरी उतरतो, वास आंब्यापेक्षा आंब्याच्या सालीचा.

किटबद्दलच्या तक्रारी दोन. रबरी बूच ओलं असलं की वर सरकतं. बूच आणि बरणीचं तोंड कोरडं पुसून बसवा. आणि एअरलॉक वाकड्या नळीचा आहे, आत फेस गेला की साफ होत नाही. तीन तुकड्यांत सुटणारा स्वस्तात मिळतो, तो घ्या. बरणी उकळत्या पाण्याने धुऊ नका, ही काच तडकते.

तिसऱ्या आठवड्यात नळीने साक्यावरची वाइन दुसऱ्या बरणीत काढा, आणि ती गळ्यापर्यंत भरा. बाटलीत भरण्याआधी तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा जागचा हलता कामा नये. एअरलॉक थांबला म्हणजे आंबणं थांबलं असं नव्हे. खोली गार झाली तरी तो थांबतो. गोड हवी असेल तर निवळलेल्या वाइनमध्ये एक कॅम्पडन गोळी (सल्फाइटची) आणि अर्धा चमचा पोटॅशियम सॉर्बेट घालून दुसऱ्या दिवशी साखर घाला. चालू आंबणं मात्र या दोन्हींनी थांबत नाही, आणि तशी बाटली बंद केली तर ती फुटते. पहिल्या खेपांना काचेऐवजी सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या वापरा: दाबून बघितलं की आत गॅस धरतोय का ते लगेच कळतं.