एकट्याची मुलाखत की गटचर्चा?

मुस्लिम तरुणांच्या अखलाकवर, म्हणजे शील-स्वभावावर, क्षेत्रकार्य करताना गटचर्चा सोपी वाटते. तासाभरात वही भरते. पण मित्रांसमोर कोण म्हणेल, 'माझी फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज चुकते'? तिथे कळतो तो आदर्श. शिवाय कोण कोणाला टोकतं, कुठे हशा पिकतो, हेही.

एकांतातली मुलाखत खोल जाते, मात्र तिथेही दोन अडसर. सत्कर्माचा दिखावा, म्हणजे रिया, परंपरेत निषिद्ध. आणि झाकलेलं पाप स्वतःहून उघड करणंही सहीह बुखारी या संग्रहातल्या हदीसनुसार, म्हणजे प्रेषितांच्या वचनानुसार, गैर. तेव्हा गप्प बसणं म्हणजे खोटेपणा नव्हे! मी एकांतच निवडेन, पण 'रोजे ठेवता का?' असं न विचारता 'मागच्या रमजानातला एखादा दिवस सांगा' म्हणेन. रेकॉर्डर मात्र विचारूनच.