हाताने खातं उघडायचं तर 'ॲडयूजर'च वापरा

डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रणालींवर नवीन यूजर बनवायला 'यूजरॲड' आणि 'ॲडयूजर' अशा दोन कमांड आहेत. 'यूजरॲड' सांगाल तेवढंच करते: स्मॉल एम (-m) हा ऑप्शन दिला नाही तर होम फोल्डर बनत नाही, शेलही (कमांड टाइप करायचा प्रोग्रॅम) नेहमीच्या बॅशऐवजी साधं 'एसएच' मिळतं. स्मॉल पी लावून पासवर्ड दिला की तो जसाच्या तसा शॅडो फाइलमध्ये (जिथे पासवर्ड साठवतात) जातो. तिथे हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) लागतो, म्हणून लॉगिनच होत नाही.

'सुडो ॲडयूजर सुनीता' लिहा ('सुडो' म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने). 1000 पासून पहिला मोकळा यूआयडी (यूजरचा क्रमांक), त्याच नावाचा ग्रुप, होम फोल्डर, बॅश, सगळं जागच्या जागी येतं. पासवर्ड दोनदा विचारला जातो. टाइप करताना काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. पुढे रूम नंबर, फोन वगैरे विचारतात, तिथे एंटर मारत चला. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर मात्र 'ॲडयूजर' म्हणजे 'यूजरॲड'चंच दुसरं नाव, त्यामुळे ही सोय तिथे शोधू नका.

खरा फायदा ग्रुपमध्ये आहे. खात्यात बदल करणाऱ्या 'यूजरमॉड'ला नुसता कॅपिटल जी देऊन डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) ग्रुप जोडला, की आधीचे सगळे जादा ग्रुप निघून जातात, ॲडमिनचे अधिकार देणारा सुडोसुद्धा. उबंटूवर रूटला (सर्वाधिकारी खात्याला) पासवर्ड नसतो; एकच ॲडमिन असेल तर रिकव्हरी मोडमध्ये जायची वेळ येऊ शकते. म्हणून कॅपिटल जीसोबत स्मॉल ए हवाच. 'ॲडयूजर सुनीता डॉकर' लिहिलं तर हा धोकाच नाही. (डॉकर ग्रुप देणं म्हणजे जवळजवळ रूट देणं, एवढं लक्षात असू द्या.) बदल पुढच्या लॉगिनला लागू होतो. म्हणून नुसतं 'आयडी' जुने ग्रुप दाखवतं आणि 'आयडी सुनीता' नवे.

उणीव एक आहे, आणि ती गंभीर आहे. 'डीलयूजर' खातं काढतं, पण होम फोल्डर तसंच ठेवतं. मोकळा झालेला यूआयडी 'ॲडयूजर' पुढच्या माणसाला देऊ शकतं, आणि जुन्या माणसाच्या फाइल्स आपोआप त्याच्या मालकीच्या होतात. खातं काढताना बॅकअप आणि रिमूव्ह-होम हे दोन्ही ऑप्शन द्या, मग 'फाइंड'ला नोयूजर लावून मालक न उरलेल्या फाइल्स शोधा.

कोणी नोकरी सोडून गेलं तर खातं लगेच काढण्यापेक्षा आधी बंद करा. 'यूजरमॉड' कॅपिटल एलने फक्त पासवर्ड बंद होतो, एसएसएच की (पासवर्डविना दुरून लॉगिन करायची किल्ली-फाइल) चालूच राहते. 'चेज'ला (chage) कॅपिटल ई आणि 1 दिला की खात्याची मुदतच संपते, मग कीनेही आत येता येत नाही.