खिळ्यांची तार: तयार घ्यावी की आपणच ओढावी?

खिळ्याचं मशीन ठरलं, शेड मिळाली, की पुढचा प्रश्न तारेचा. ओढलेली एचबी (हार्ड ब्राइट, म्हणजे कडक चकचकीत) तार आणून थेट मशीनला लावायची, की 5.5 मिमीचा वायर रॉड, म्हणजे गुंडाळी केलेली जाड सळई, आणून तार आपणच ओढायची? मी दोन्ही करून पाहिलंय.

तयार तारेत डोक्याला ताप कमी. रायपूरकडून कॉइल येते, स्टँडवर चढवली की खिळे सुरू. ओढकामाची मोटर नको, डाय (तार ज्या भोकातून ओढून बारीक करतात ते साचे) नकोत, त्यासाठी वेगळा माणूस नको. हाती भांडवल बेताचं असेल तर सुरुवात अशीच करावी, यात मला शंका नाही.

स्वतः ओढायचं तर काम रॉडवरच्या खपलीपासून, म्हणजे गरम लोखंडावर जमलेल्या काळ्या थरापासून, सुरू होतं. ॲसिडच्या टाकीत ती झटपट निघते, पण मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वापरलेल्या ॲसिडची विल्हेवाट आणि शेडभर वाफा. रोलरांवरून रॉड उलटसुलट वाकवला तरी खपली गळून पडते. वेळ थोडा जास्त जातो, पण छोट्या कारखान्याला मी तेच सुचवेन. पुढे साबणाची पावडर, कार्बाइडच्या डाय, एकेका डायमधून थोडी थोडी बारीक होत जाणारी तार. वीज बरीच खाते, हेही खरं.

तरी मी ओढकामाकडे वळलो ते गेजमुळे, म्हणजे तारेच्या जाडीमुळे. डाय झिजली की तिचं भोक मोठं होतं आणि तार जाड निघते. विकणाऱ्याने डाय कधी बदलली हे आपल्याला कळत नाही. 12 गेज म्हणजे 2.64 मिमी, पण दोन कॉइलला मायक्रोमीटर लावला की आकडे वेगळे. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, मशीनवर तो भारी पडतो. खिळा हातात घेऊन डोक्याखाली पाहा, आडव्या बारीक खाचा दिसतील. तिथे ग्रिप डायने (मशीनमधल्या पकडीने) तार धरलेली असते, म्हणून पंचाचा ठोका बसून डोकं तयार होतं. तार बारीक असेल तर पकडीतून सरकते, डोकं अपुरं किंवा एका बाजूला कललेलं येतं. जाड असेल तर कटर टोक नीट तोडत नाहीत, टोकाला पत्र्यासारखी शेपटी लटकत राहते, पॉलिशच्या ड्रममध्ये भुशाबरोबर फिरवूनही ती सगळी जात नाही. प्रत्येक नव्या कॉइलला मशीन थांबवून पुन्हा सेटिंग. चांगला ऑपरेटर यानेच वैतागतो. त्यात खिळा विकला जातो वजनावर. व्यासात 0.1 मिमी वाढ म्हणजे या गेजला साडेसात टक्क्यांहून जास्त वजन, म्हणजे किलोमागे खिळे कमी. सेंटरिंगवाल्याच्या ते लगेच लक्षात येतं.

आता डाय माझ्या हातात आहे. कॉइलच्या शेवटी तार मोजायची, वाढलेली दिसली की डाय बदलायची. सेटिंग दिवसेंदिवस टिकतं. कडकपणाचाही फायदा आहे: 5.5 वरून 2.64 पर्यंत येताना तारेचं क्षेत्रफळ सुमारे 77 टक्क्यांनी घटतं आणि त्या ताणानेच ती कडक होते, म्हणून खिळा हातोडीखाली वाकत नाही. बाहेरची तार मध्येच भट्टीत घालून मऊ केली होती का, की रॉडमध्येच कार्बन जास्त होता, हे खिळे वाकायला किंवा डोकी फुटायला लागल्यावरच समजतं. रॉड चांगला निवडला तर त्यातलं बरंचसं आपल्या ताब्यात राहतं.

तुमचं काम एका मशीनचं असेल तर माझं गणित कदाचित बसणार नाही. मग पुरवठादार एकच धरा आणि कॉइल उतरवण्याआधी दोन्ही टोकं मोजा. तीन-चार मशीन चालणार असतील, तर ओढकामाची जागा पहिल्या दिवसापासून शेडमध्ये राखून ठेवा, असं मी म्हणेन.

बारीक चुकांची, म्हणजे छोट्या खिळ्यांची, तार मात्र मी अजून बाहेरूनच आणतो. इतकी बारीक ओढायची तर मध्ये भट्टी लागते, आणि तेवढा खप माझ्याकडे नाही.