नेट बंद की मेसेजचा माग?

जून २०२३ मध्ये आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. अशा वेळी सरकारच्या हाती दुसराही उपाय आहे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेकडून, गंभीर गुन्ह्यात, मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते मागवता येतं.

नेट बंदीचा त्रास उघड असतो. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, गिऱ्हाइकाने जोड पसंत केलेला, घासाघीस संपलेली, क्यूआर कोड समोर, आणि पैसे काही जात नाहीत. एका टवाळखोराची शिक्षा अख्ख्या शहराला! पण बंदी सगळ्यांना दिसते. आदेश जाहीर करायलाच हवा, बेमुदत बंदी चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावलंय. शिवाय तुमचे मेसेज कुणी चाळत नाही.

माग काढण्याचं तसं नाही. वरवर तो नेमका वाटतो. पण उद्या कुठला मेसेज मागतील हे आधी माहीत नसल्याने प्रत्येकावर खूण ठेवावी लागणार, म्हणजे एन्क्रिप्शनला, मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता यावा या कुलपाला, भोक पडणार. याच मुद्द्यावर व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क, हे तर २०१७ मध्येच ठरलंय.

दोन्ही वाईटच, पण मला विचाराल तर बंदी परवडली, ती उठते तरी. आणि माग तरी कुठे पक्का? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुणी मुंबईचा मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, की पहिला पाठवणारा तोच ठरू शकतो.