मिरचीच्या व्हायरसची पीसीआर टेस्ट करून घेतली, ५ पैकी ४ स्टार

नंदुरबारजवळ दीड एकर मिरची आहे आमची, मल्चिंग आणि ड्रिपवर. लागवडीला दीड महिना होत नाही तर शेंडे आवळायला लागले, पानं बारकी आणि वाटीसारखी वर वळलेली. दुकानदार म्हणे थ्रिप्स (फुलकिडे), शेजारचे काका म्हणे कोळी कीड, आणि मी दोघांचं ऐकून फवारण्या मारत सुटलो. कोळी असला तर पान खाली वळतं हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी एका खासगी लॅबमध्ये पीसीआरसाठी, म्हणजे पानात व्हायरसचा जनुकीय अंश आहे का ते शोधणाऱ्या टेस्टसाठी, पानं दिली. शेंड्याची कोवळी पानं, झाडागणिक वेगळी झिपलॉक, बर्फाच्या डब्यात. सहा सॅम्पल नेले, त्यातलं एक मुद्दाम निरोगी झाडाचं. रिपोर्टसोबत जेलचा फोटो दिला (व्हायरस सापडला तर त्यात पट्टा दिसतो) हे मला सगळ्यात आवडलं, चार सॅम्पलचे पट्टे लॅबच्या पॉझिटिव्ह कंट्रोलच्या, म्हणजे व्हायरस नक्की असलेल्या नमुन्याच्या, बरोबर रांगेत आणि निरोगी झाडाची जागा कोरी, म्हणजे विश्वास ठेवायला डोळ्यासमोर काहीतरी असतं. निघाला लीफ कर्ल, आपला चुरडामुरडा, जो पांढरी माशी पसरवते. त्यावर औषध नाहीच, ती झाडं उपटली, पिवळे चिकट सापळे लावले आणि फवारणी माशीपुरतीच ठेवली.

एक स्टार का कापला ते सांगतो. सहाव्या सॅम्पलच्या पानांवर गडद हिरवे चट्टे होते, त्यापुढं नुसतं 'निगेटिव्ह' लिहिलेलं, मी निर्धास्त झालो आणि ती झाडं तशीच ठेवली. पण लीफ कर्लचा व्हायरस डीएनएचा, आणि टेस्ट तेवढ्याचीच केलेली. सीएमव्ही (काकडीचा मोझॅक व्हायरस), व्हेनल मॉटल हे मिरचीवर येणारे दुसरे व्हायरस आरएनएचे, त्यांना आधी आरएनएपासून डीएनए बनवावा लागतो, ती आरटी-पीसीआर वेगळी आणि पैसेही वेगळे. काउंटरवर कुणी हे सांगितलंच नाही! आठवड्यानं परत पानं दिली तर व्हेनल मॉटल निघाला, तोवर अख्खी ओळ चट्ट्यांनी भरलेली. हा माव्यातून येतो आणि मावा सोंड खुपसल्या खुपसल्या व्हायरस देऊन मोकळा होतो, औषधानं तो मरेपर्यंत काम झालेलं असतं, त्यामुळं झाड लगेच उपटणं एवढंच हातात राहतं.

आतल्या मॅडमनी मात्र दुसऱ्या वेळी अर्धा तास बसवून सगळं समजावलं, त्यांच्यामुळं चार स्टार. तुम्ही जाल तेव्हा कोणकोणता व्हायरस तपासणार ते पावतीवर लिहून घ्या, आणि 'निगेटिव्ह' आलं तर कशासाठी निगेटिव्ह हे विचारल्याशिवाय लॅबमधून निघू नका.