पथकाचं नाव सोडा, यंदा ताशावर कोण आहे ते विचारा (ढोल-ताशा पथक रिव्ह्यू, घोडबंदर रोड, ठाणे)

पाचपैकी तीन स्टार. गेल्या वर्षी कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून पाच दिले असते, आणि गंमत म्हणजे पथक तेच आहे, ध्वज तोच, कुर्ते तेच, फेटे बांधायला येणारा माणूससुद्धा तोच. पथकाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक तर पोरं मनापासून करतात, त्यांच्या नावाने जाहीर बोंब मारायची इच्छा नाही, आणि दुसरं म्हणजे नावावरून तुम्हाला काही कळणारच नाही, हेच तर सांगायला बसलोय.

आमची सोसायटी मानपाड्याच्या पुढे. बाप्पाचं आगमन आम्ही चतुर्थीच्या आदल्या रविवारी करतो म्हणजे सगळे घरी असतात. सुपारी ठरली होती 40 ढोल, 10 ताशे, ध्वज आणि एक टोलगाडी (टोले द्यायची घंटा असलेली गाडी) अशी, गेटबाहेर स्थिर वादन आणि मग मांडवापर्यंत चालत. आले 26 ढोल आणि 4 ताशे. टेम्पो उशिरा आला त्याबद्दल मी काही बोलणार नाही, घोडबंदरला मेट्रोचं काम आणि रविवार संध्याकाळ म्हटल्यावर अॅम्ब्युलन्स पण वेळेवर येत नाही. पण ढोल 14 कमी का, हे विचारल्यावर पथकाचा नवीन वादनप्रमुख, विशीतला पोरगा, खाली बघत म्हणाला, "काका, आज दोन सुपाऱ्या एकदम आल्या, अर्धी मुलं कळव्याला गेलीत." म्हटलं अरे मग घेतलीस कशाला दुसरी. त्यावर तो नुसता हसला. पैसे मात्र त्याने स्वतःहून कमी केले, पावती पण दिली, हे इथे लिहायलाच हवं.

आता वादन. मी कॉलेजात असताना ढोल वाजवलाय, त्यामुळे कान थोडा खडूस आहे हे आधीच सांगतो. लोकांना वाटतं ढोल म्हणजे पथक. तसं नसतं हो. ढोल म्हणजे ताकद, डोकं ताशाचं. ताशेवाला ठेका धरतो, बोल फिरवतो, काडी वर करून इशारा देतो आणि मग ढोलांची रांग पुढच्या हातावर, म्हणजे पुढच्या ठेक्यावर जाते. त्यामुळे पुढे उभ्या असलेल्या ताशेवाल्याची मान वर हवी, नजर ढोलांवर हवी. आमच्याकडे पुढच्या ताशावर अकरावी-बारावीतली एक मुलगी होती. हात काय जबरदस्त फिरतो तिचा, काड्या दिसतच नाहीत, पण सगळा वेळ नजर स्वतःच्या काड्यांवर! म्हणजे एकटीने वाजवायला छान, पण तिने ठेका बदलला की पहिल्या रांगेला कळायचं आणि मागच्या रांगेला दोन ठोके उशिरा कळायचं, मग मागचे ते दोन ठोके भरून काढायला पळायचे, मग पुढचे त्यांच्या मागे पळायचे, आणि बघता बघता लय अशी सुटली की ध्वज घेऊन नाचणारी मुलं बिचारी धापा टाकायला लागली. तिच्या शेजारच्या ताशावर कोणी जुना माणूस असता तर त्याने नुसत्या मानेने ढोलांना थोपवलं असतं. शेजारी होता तो तिच्याहून लहान.

गेल्या वर्षी त्या जागी एक दादा होता. त्याचं नाव नको, पण या भागात ज्यांनी पथकं ऐकलीत त्यांना बरोबर कळेल. तो गावठी ठेका असा आणायचा की आधी अख्खं पथक दबक्या आवाजात, टिपरू (ढोलाची काठी) पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या तोंडावर, जेमतेम टेकवून वाजवतंय, पब्लिक पुढे सरकतंय, आणि मग एकदम सोडायचा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या दरवर्षी आवाजाची तक्रार करतात, त्या गॅलरीत येऊन हात वर करत होत्या.

तर तो दादा यंदा पाडव्याच्या स्वागतयात्रेनंतर बाहेर पडला. ठाण्यातल्या कोपिनेश्वर मंदिराच्या त्या यात्रेत हे सगळे एकत्र वाजवत होते, मे महिन्यात भांडण, जूनमध्ये दोन पथकं. कारण विचाराल तर प्रत्येकजण वेगळं सांगतो. एकजण म्हणतो सुपारीच्या पैशाचा हिशोब, दुसरा म्हणतो रीलमध्ये सारखा एकच चेहरा दिसतो म्हणून वाजलं, तिसरा म्हणतो ज्याला त्याला स्वतःचं पथक हवंय. माझ्या मते तिन्ही खरं असणार. हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पथकात होतं आणि होणारच, कारण वाजवणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. सुपारीचं मानधन जातं ढोलाची पानं, टेम्पो, कपडे आणि उरलंच तर एखाद्या शाळेला वह्या-दप्तरं यात. पोरगं राबतं हौसेवर आणि मानावर. मान कमी पडला की उठलं.

यावर एक आडवळण घेतो, रिव्ह्यू पाहिजे त्यांनी हा आणि पुढचे दोन पॅरा सोडले तरी चालेल. मला अमेरिकेतल्या ड्रम कॉर्प्सचं वेड आहे, आमच्या जुन्या पथकातल्या एका मित्राने यूट्यूबवर दाखवलं आणि तेव्हापासून लागलं ते लागलंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारी मुलं, सगळी साधारण 21-22 वर्षांपर्यंतची, उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, आणि फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा शो करतात. ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल म्हणजे डीसीआयची पहिली चॅम्पियनशिप 1972 ला विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली, आता फायनल इंडियानापोलिसच्या स्टेडियममध्ये असते. तिथे सीझन संपला रे संपला की चाहते एकाच विषयावर तुटून पडतात, कोणता शिकवणारा कुठे गेला. ब्रासचा कॅप्शन हेड (पितळी वाद्यांचा मुख्य शिकवणारा) कोण, ड्रमलाइन कोण बघणार, शो कोण लिहिणार. अगदी आयपीएलच्या लिलावासारखं चालतं ते.

आणि त्यात तथ्य आहे. बोस्टन क्रुसेडर्स हे 1940 चं जुनं पथक, 2016 ला बाराव्या नंबरवर होतं. त्यानंतर शिकवणारी टीम जवळजवळ बदलून टाकली आणि पुढच्याच वर्षी 2017 ला थेट सहावे. 2025 ला पहिल्यांदा डीसीआय जिंकले! नाव तेच, गाव तेच, शिकवणारी माणसं वेगळी. मी ते वाचत होतो तेव्हा डोक्यात आमचंच पथक होतं, फक्त उलट्या दिशेने.

पण नुसती माणसं चांगली असून भागत नाही हेपण तिथेच दिसतं. द कॅडेट्स, 1934 मध्ये न्यू जर्सीत सुरू झालेलं, दहा वेळा डीसीआय जिंकलेलं, म्हणजे आपल्याकडे कोणी कल्पना करणार नाही असं दणदणीत नाव, ते जानेवारी 2024 ला बंद पडलं. पैशाची ओढाताण आणि त्यात जुन्या लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून कोर्टात दावा. सँटा क्लारा व्हॅनगार्डने 2018 ला जिंकलं आणि 2023 ला पैशापायी सीझनच केला नाही, 2024 ला परत आले. तिथे मुलं उलट हजारो डॉलर फी भरून वाजवतात, शिकवणाऱ्यांना मानधन असतं, आणि बस, ट्रक, जेवण यांचा खर्च आकाशाला भिडलेला. म्हणून तिकडचे चाहते सारखे म्हणतात की एके काळी शेकडो पथकं होती, आता वरच्या वर्गात वीसेक उरली, पुढे काय. आपल्याकडे प्रश्न बरोबर उलटा आहे. पथकं संपत नाहीयेत, फुटतायत. एका चांगल्या पथकाची दोन अर्धी होतात, एकाकडे ढोल राहतात, दुसऱ्याकडे ताशे जातात.

हे मी हवेत बोलत नाहीये. त्या दादाचं नवीन पथक पण जाऊन बघितलं, कोळशेत साइडला एका मोकळ्या प्लॉटवर सराव चालतो. ताशे आठ, एकापेक्षा एक, आणि ढोल अकरा! आठ ताशांपुढे अकरा ढोल म्हणजे नुसता कडकडाट, खालचा घुमारा नाहीच. ढोलांना सगळी फायबरची पानं होती. पावसाळ्यात चामडी पान ओलं होऊन बसतं, सारखं ताणत बसावं लागतं, म्हणून हल्ली बहुतेक पथकं फायबरच वापरतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण फायबरचा आवाज मुळातच टोकदार, त्यात ढोल कमी. दादा मला ओळखून म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी आम्हाला द्या सुपारी." मी म्हटलं आधी ढोल जमव रे राजा. तर म्हणे, "ढोल सगळे तिकडेच राहिले ना, वर्गणी आम्ही पण काढली होती." बघा म्हणजे.

शेजारच्या बिल्डिंगमधून एक बाई तेवढ्यात येऊन सराव किती वाजेपर्यंत चालणार ते विचारून गेल्या. सरावाला जागा हा ठाण्यात आता खरा प्रश्न झालाय. मैदानं कमी, प्लॉटवर टॉवर उभे राहतायत, आणि जिथे सराव असतो तिथे कोणाचं ना कोणाचं बाळ झोपलेलं असतं. कायद्याने रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, हॉस्पिटल-शाळेच्या 100 मीटरमध्ये त्याहून कमी. ढोल त्या आकड्यात बसवणं कठीणच आहे, उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही. 2024 ला हरित लवादाने पुण्यात एका पथकात 30 च माणसं असा आदेश काढला होता, सुप्रीम कोर्टात तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याला स्थगिती दिली आणि ढोल-ताशा हे पुण्याचं हृदय आहे अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, सगळ्या पथकांच्या स्टेटसला महिनाभर तेच होतं. 2025 ला तर सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. पण माझं म्हणणं असं की कोर्टाने वाचवलं तरी आतून शिकवणारा माणूस टिकला नाही तर वाचवलं ते काय? 30 जणांचं पथक पण अंगावर काटा आणतं, जर ताशावर बरोबर माणूस असेल तर. आणि 100 जणांचं पथक नुसता गोंगाट करू शकतं, हेपण आपण सगळ्यांनी ऐकलंय.

शिकवण्याचीच पद्धत बदलली पाहिजे. आत्ता काय होतं, एक दादा असतो, त्याच्या डोक्यात सगळं, लिहिलेलं काही नाही, तो गेला की ठेके पण गेले. ज्ञान प्रबोधिनीच्या पथकासारखी शिस्त पुण्यात लोकांनी उगाच नावाजली नाही, तिथे पथकापेक्षा मोठी संस्था मागे होती. आमच्याकडे मागे काय, तर एक व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यातून पण लोक लेफ्ट होतात.

बरं, तीन स्टार दिलेत तर ते कशाला तेही सांगतो. शिस्त उत्तम. एकानेही दारू प्यायलेली नाही, गुलाल नाही, पाण्याच्या बाटल्या जाताना स्वतः गोळा केल्या. बी विंगमध्ये एक काका नुकतेच ऑपरेशन होऊन घरी आलेत, आम्ही आधी सांगितलं होतं, तर त्या विंगसमोर सगळे ढोल थांबवून फक्त झांज वाजवत पुढे गेले, कोणी आठवण करून द्यायला लागली नाही. दहाच्या आधी बंद म्हणजे बंद, आमचीच पोरं "वन्स मोअर" करत होती, त्यांनाच वादनप्रमुखाने हात जोडले. मुली जवळजवळ निम्म्या होत्या आणि ढोल कमरेला बांधून अख्खी मिरवणूक वाजवत होत्या, मध्ये पाऊस आला तरी कोणी शेडखाली पळालं नाही. डीजेपेक्षा हे लाखपट बरं, ज्यांना शंका असेल त्यांनी आमच्या सी विंगच्या काचांना विचारावं.

ज्यांना यंदा माघी गणपतीला किंवा पाडव्याला पथक सांगायचंय त्यांच्यासाठी एवढंच की रील बघून सुपारी देऊ नका, रील गेल्या वर्षीचं असतं. सरावाला जा, मागच्या रांगेच्या पाठीमागे उभे राहा आणि ठेका बदलताना पुढची आणि मागची रांग एकत्र जाते का ते ऐका. ढोल-ताशांचा आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या, त्याच दिवशी दुसरी सुपारी आहे का ते तोंडावर विचारा, आगाऊ रक्कम निम्म्याच्या वर देऊ नका. टेम्पोला सोसायटीच्या आत जागा ठेवा, नाहीतर सर्व्हिस रोडवर ढोल उतरवताना अर्धा तास जातो.

आमच्या सेक्रेटरी काकूंना पुढच्या वर्षी नवीन पथक ट्राय करायचंय, कमिटीत अर्धे त्यांच्या बाजूने आहेत. मी त्या मुलीच्या बाजूने आहे. तिला मांडवामागे वडापाव खाताना म्हटलं, बाळा, काड्यांकडे नको बघूस, त्या कुठे जात नाहीत, ढोलांकडे बघ. ती म्हणाली, "काका, दादा पण हेच सांगायचे, पण मग ते गेले ना." जूनमध्ये सराव सुरू होईल तेव्हा जाऊन ऐकणार आहे, ताशावर तीच असेल आणि मान वर असेल तर चौथा स्टार तिथेच वाढवतो.